हातची वस्तू

४ फेब्रुवारी

फूटपट्टीस,

या नावाने तुला हाक मारायचा हक्क मला उरला आहे की नाही, ठाऊक नाही. पण 'प्रिय' लिहिलं तर तू हसशील, आणि पाकिटावर आहे ते तुझं कागदोपत्री नाव, त्या नावाने मी तुला जन्मात कधी बोलावलेलं नाही. तेव्हा हेच राहू दे.

आजच्या टपालाने तुला दोन पाकिटं मिळतील. एक खाकी, शिक्क्याचं. ती युवा विकास कार्यालयाची पहिली सूचना. ती मी तयार केली, खाली सहीही माझीच आहे, कारण निवड शाखेची अधीक्षक आता मी आहे. होय, अजून तिथेच. तू घर सोडून गेलास त्याला एकोणीस वर्षं झाली. तेवढ्या काळात मी जागा बदलली ती खिडकीजवळच्या टेबलापासून पंख्याखालच्या टेबलापर्यंत. दुसरं पाकीट हे, पांढरं. हे मी बहीण म्हणून लिहिते आहे.

मुद्द्याचं आधी. कृत्रिम हातपाय बनवण्याचं दोन वर्षांचं निवासी प्रशिक्षण आमच्यातर्फे चालतं. त्यासाठी तुझ्या मुलीने अर्ज केला होता. एकशे अठरा जणांतून बारा घ्यायचे होते, ती तिसरी आली. ती अजून अठराची नाही म्हणून आई-वडील दोघांची संमती लागते. तुझ्या बायकोची सही ठसठशीत आहे. तुझ्या रकान्यात नुसती आडवी रेघ आहे, आणि तीही वाकडी. वाकडी रेघ बघून मला आधी वाटलं, नावासारखं नाव असेल, हा आपला नव्हे. मग वडिलांचं नाव पाहिलं, जन्मसाल पाहिलं. तूच.

पंधरा-पंधरा दिवसांनी तीन सूचना जातात. तिसऱ्या सूचनेनंतर एकवीस मार्चपर्यंत सही आली नाही तर तिची जागा तेराव्या क्रमांकाच्या मुलाला मिळेल आणि तिची फाइल बंद होईल. पुढच्या वर्षी हे प्रशिक्षण चालू राहील याची खात्री नाही. हे धमकी म्हणून सांगत नाही, तसा नियम आहे.

तुला आठवत असेल, आमच्याकडे अर्जाबरोबर प्रत्येकाला स्वतःच्या हाताने केलेली एक वस्तू आणावी लागते. गुणपत्रिकेला वशिला लावता येतो, हातच्या वस्तूला लावता येत नाही, असं आमचे पहिले साहेब म्हणायचे. ते गेले, पद्धत राहिली. यंदा कोणी कुलूप आणलं होतं, कोणी साबणाच्या डबीत बसवलेला रेडिओ, एकाने चक्क स्वतःच्या पायातले बूट. तुझ्या मुलीने आणला जुन्या पट्ट्याच्या चामड्याचा एक पंजा म्हणावा असा प्रकार. मनगटाला बांधायचा, आणि पुढे सायकलच्या ब्रेकच्या रबराचा चिमटा. वर्णनाच्या चिठ्ठीवर तिने लिहिलं आहे, 'बाबांच्या उजव्या हाताची दोन बोटं पत्रा कापायच्या मशीनमध्ये गेली. पेन्सिल धरण्यासाठी.'

रेघ वाकडी का, ते मला असं समजलं. तुझ्या हाताचं मला माहीत नव्हतं.

सही कर. माझ्यावरचा राग तिच्यावर काढू नकोस.

— मोठी बहीण


१४ फेब्रुवारी

फूटपट्टीस,

तुझं उत्तर मिळालं. पांढऱ्या पाकिटाला नाही, खाकी पाकिटाला. सूचनेच्याच पाठीवर तू लिहिलंस, 'मा. अधीक्षक, आपल्या कार्यालयाचा अनुभव मी घेतला आहे. मुलीला तो नको.' दीड ओळ. डाव्या हाताने लिहिलेलं दिसतं. मी त्यावर आवक क्रमांक टाकला आणि फाइलला लावलं. आमच्याकडे माणूस हरवला तरी चालतं, क्रमांक हरवता कामा नये.

काल तुझी मुलगी आली होती. कोणी बोलावलं नव्हतं, आपली आपण आली. बाहेरच्या बाकावर तासभर बसली. एका पायावर भार देऊन उभं राहायची तुझी सवय तिने जशीच्या तशी उचलली आहे. मी तिला आत बोलावलं.

"मॅडम, एकाच पालकाची सही चालत नाही का?"

"नाही चालत. वडील का देत नाहीत?"

"म्हणतात, तिथं नुसतं झुलवत ठेवतात. वाट बघायला लावतात, आणि शेवटी दोन ओळींनी कळवतसुद्धा नाहीत की तुमचं काय झालं."

"त्यांनी कधी अर्ज केला होता?"

"हो ना. जमीन मोजणीच्या कोर्सला. एकोणीस वर्षांचे होते. नाही घेतलं त्यांना."

"का?"

"ते म्हणतात, लायकी नसेल." मग म्हणाली, "मॅडम, आमच्या घरात एक भिंत अशी नाही जिच्यावर पेन्सिलीने माप लिहिलेलं नाही. कपाट कुठं बसेल, दार किती उघडेल, सगळं. लायकी नसलेला माणूस असं करतो का? तुम्हीच सांगा."

मी तिला सांगितलं, अजून मुदत आहे. ती मान डोलावून निघाली. दारातून वळून विचारलं, "माझी वस्तू कधी परत मिळेल? बाबांना लागते. ते कबूल करत नाहीत, पण लागते." मी म्हटलं, प्रशिक्षण सुरू होईपर्यंत वस्तू कपाटात राहते. तिने तेही ऐकून घेतलं. तिच्या अर्जात एक रकाना आहे, 'या कार्यालयात कोणी नातेवाईक काम करतात का?' तिथे तिने 'नाही' लिहिलं आहे. खोटं बोललेली नाही ती. तिला माहीतच नाही.

ती गेल्यावर मी जुन्या निवड याद्यांचं बाड काढलं. बावीस वर्षांपूर्वीची मोजणीच्या निवासी प्रशिक्षणाची यादी. खरं तर काढायची गरज नव्हती, मला ती पाठ आहे.

तू चौथा होतास. वीस जण घेतले होते, त्यांत चौथा.

तुझं नाव यादीत होतं, लायकीही होती. मग तुला कळलं कसं नाही, असं तू विचारशील. त्या वेळी सूचना पाठवल्या गेल्या, तिन्ही. जावक वहीत तशी नोंद आहे. तुझ्यापर्यंत पोचल्या नाहीत एवढंच. टपालाचं काही सांगता येत नाही.

तेव्हा कार्यालयावर राग धरू नकोस. सही कर.

— मोठी बहीण


१९ फेब्रुवारी

फूटपट्टीस,

आज दुसरी सूचना निघाली. ती मी स्वतः टपालकचेरीत नेऊन पोचपावतीसह दिली. का, ते आता सांगते.

मागच्या पत्रातलं टपालाचं वाक्य खोटं होतं. टपालाने काही केलेलं नाही. टपाल बिचारं आपलं काम करतं.

बावीस वर्षांपूर्वी मी निवड शाखेत नवी होते. माझ्या नोकरीचं पहिलं वर्ष, कायम व्हायचं बाकी. सूचना लिहिणं, वहीत चढवणं आणि जाता जाता टपालपेटीत टाकणं हे माझं काम. शाखेत कोणाला मी सांगितलं नव्हतं की अर्जदारांत माझा सख्खा भाऊ आहे. सांगायचा नियम तेव्हाही होता.

तुझी पहिली सूचना मी लिहिली. वहीत नोंद केली, जावक क्रमांक टाकला, सही केली. पाकीट पिशवीत घातलं. पेटी कोपऱ्यावरच होती. मी पेटीसमोर उभी राहिले, आणि ते पाकीट तसंच घेऊन घरी आले.

घरी तू आईला कुशीवर वळवत होतास. उजवी बाजू लुळी पडून तिला आठ महिने झाले होते. मी दहाला निघायचे ते सहाला यायचे, मधला सगळा दिवस तुझ्यावर. त्या संध्याकाळी आई मला म्हणाली, "हा आहे म्हणून मी आहे गं." ती सहज म्हणाली. तू ऐकलंही नसशील, तू पाणी आणायला गेला होतास.

तू गेलास तर मला नोकरी सोडावी लागणार, हे उघड होतं. नोकरी सुटली तर तिघांनी करायचं काय, तेही उघड होतं. मी रडले नाही, देवाला विचारलं नाही, तुलाही विचारलं नाही. पंधरा दिवसांनी दुसरी सूचना तशीच घरी आली. मग तिसरी. वहीत तिन्हींचे क्रमांक सुवाच्य अक्षरात आहेत, वही तपासणाऱ्या साहेबांनी शेजारी बरोबरची खूण केली आहे. नियमाप्रमाणे 'तीन सूचनांना उत्तर नाही' असा शेरा पडला आणि तुझी फाइल बंद झाली. शेरा माझ्याच हातचा.

अर्जाबद्दल तोवर एक शब्द न काढलेला तू शेवटी विचारलंस, "ताई, यादी लागली का?"

"लागली."

"माझं नाव?"

"नाही."

तू परत विचारलं नाहीस. आईच्या औषधाची बाटली हलवत होतास, ती आणखी थोडा वेळ हलवत राहिलास.

केवळ आईसाठी केलं असं म्हणून मला सुटता येईल, पण ते पुरतं खरं नाही. मला तुझा राग आला होता. आई अशी अंथरुणाला खिळलेली, आणि हा गपचूप अर्ज करून निघून जायच्या तयारीत, आम्हा दोघींना वाऱ्यावर सोडून. माझ्याशी एक शब्द बोलला नाही. अर्ज मला कळला तो शाखेत गठ्ठ्यातून. असं माझ्या डोक्यात होतं. ते बरीच वर्षं राहिलं. म्हणून आई गेल्यावर आठवड्याभराने, तू कामाच्या शोधात वणवण फिरून घरी आलास तेव्हा, मी तुला ते वाक्य बोलले. 'तुला आयुष्यात जमलं ते एवढंच, घरात बसणं.' वयाची अट तोवर उलटून गेली होती, तुला आमच्याकडे पुन्हा अर्जही करता आला नसता. हे सगळं ठाऊक असलेली जगात एकच बाई होती आणि तीच ते बोलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू गेलास. मी तेव्हा कार्यालयात होते.

तिन्ही पाकिटं माझ्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात आहेत, चिकटवलेली. फोडायचं धाडस झालं नाही म्हणणं नाटकी होईल. आत काय आहे ते मीच लिहिलं होतं.

आता तुला जो राग धरायचा तो माझ्यावर धर. त्याला जागा भरपूर आहे. पण कार्यालयाने तुला नाकारलं नव्हतं, मी नाकारलं होतं. आणि तुझ्या मुलीने मला काहीच केलेलं नाही.

— ताई


६ मार्च

फूटपट्टीस,

दुसऱ्या सूचनेची पोचपावती आली, तुझ्या डाव्या हातच्या सहीची. माझ्या पत्राचं तू काय केलंस माहीत नाही. विचारणार नाही.

आजची तिसरी सूचना माझ्या सहीची नाही. मी गेल्या सोमवारी साहेबांना दोन कागद दिले. एकात लिहिलं, अर्जदार माझ्या भावाची मुलगी आहे, तिची फाइल माझ्याकडून काढून घ्यावी. दुसऱ्यात बावीस वर्षांपूर्वीचं सगळं लिहिलं, आणि खाली तीन पाकिटं जोडली. आमचे आताचे साहेब माझ्या मुलाच्या वयाचे शोभतील, मला मूल असतं तर. त्यांनी कागद दोनदा वाचला.

"मॅडम, तुमच्या निवृत्तीला पाच वर्षं राहिलीत."

"पाच वर्षं आणि दोन महिने," मी म्हटलं.

"हे मला वर पाठवावं लागेल."

"पाठवा ना. जावक क्रमांक टाकायला विसरू नका."

त्यांना हसावं की नाही ते कळेना. चौकशी होईल. तोवर मला निवड शाखेतून उचलून भांडारात बसवलं आहे. इथे मुलांच्या हातच्या वस्तू ठेवतात. फाइल बंद झाली की वस्तू ज्याची त्याने येऊन, वहीत सही करून न्यायची. पुष्कळ जण येत नाहीत. ज्यांची निवड होत नाही ते तर बहुधा येतच नाहीत. वर्षावर्षाच्या फळ्या आहेत. न उडणारी विमानं, अर्ध्या विणलेल्या टोपल्या, एक लाकडी बिजागरी इतकी सुरेख की मी दिवसातून एकदा ती उघडून-मिटून बघते. बत्तीस वर्षं आम्ही तरुणांचा विकास करतो आहोत, आणि त्यातला जो आमच्या हातून निसटला तो सगळा या खोलीत धूळ खात पडला आहे. भांडारवाला वयस्क आहे, बोलका आहे, आणि त्याला बोलायला माणूस मिळालं म्हणून खूश आहे.

तुझी गुंडाळी चौथ्या फळीवर होती. तुझी वस्तू काय आहे हे मला तेव्हा माहीत होतं, म्हणजे माहीत आहे असं वाटत होतं. कागदाची गुंडाळी, सुतळीने बांधलेली. निवड समितीने उघडून पाहिली आणि परत बांधली. चिठ्ठीवर त्यांचा शेरा होता, 'मोजणी अचूक. हेतू चांगला.' मी गुंडाळी कधी सोडून पाहिली नाही. म्हटलं असेल आपल्या गल्लीचा नकाशा, तुला तेवढाच नाद होता.

परवा दुपारी सोडली.

गल्लीचा नव्हता. आपल्या घराचा होता. दोन्ही खोल्या, मोरी, दार, खिडकी. मापं पावलांत दिलेली आणि शेजारी फुटांत. आईच्या पलंगापासून मोरीपर्यंत अकरा पावलं, आणि खाली बारीक अक्षरात, 'आईची चोवीस. भिंत धरून दोनदा चालली'. भिंतीच्या कडेने तू एक दोरी काढली आहेस, कमरेच्या उंचीवर, हुकांवरून नेलेली, आणि दर तीन पावलांवर गाठ. 'गाठ हाताला लागली की थांबून दम घ्यायचा.' वळणावर स्टूल. पाण्याचा तांब्या डाव्या हाताला, कारण उजवा चालत नाही. खिडकीतून एक दुसरी दोरी शेजारच्या शिंपीणबाईंच्या खिडकीत गेलेली, तिथे घंटा. 'शिंपीणबाईंशी बोललो. दिवसभर मशीनवरच असतात. बारा आणि तीनला स्वतः डोकावतील, मध्ये घंटा वाजली तर लगेच येतील. आईला विचारलं. जमेल म्हणाली.'

आईला विचारलं होतंस. आई 'हा आहे म्हणून मी आहे' म्हणाली, ते बहुतेक तुझं कौतुक होतं. मी त्याची बेडी केली.

दाराजवळ एक लहान चौकोन आहे. त्यात लिहिलं आहे, 'ताई सहाला येते. तोवर एवढं पुरेल.' आणि कागदाच्या अगदी खालच्या कोपऱ्यात, पेन्सिलीने, 'निवड झाली तरच ताईला दाखवायचं. नाही झाली तर उगाच तिला काळजी नको.'

मी भांडारातल्या फरशीवर बसून रडले. भांडारवाला चहाला गेला होता. हे तुला कळवायची गरज नव्हती, पण या पत्रांत मी एकदा लपवलं आहे, पुन्हा नको.

तू आम्हाला वाऱ्यावर सोडून निघाला नव्हतास. मी ज्या कारणासाठी तुला अडवलं त्या कारणाचा तू बंदोबस्त करून ठेवला होतास, आणि तो कागद सगळा वेळ माझ्या पाठीमागच्या खोलीत होता. मी सूचना दडवल्या नसत्या तर तू तो मला दाखवला असतास. मी नुसती सुतळी सोडली असती तरी पुरलं असतं. माफी मागण्याइतकं हे लहान नाही, तरी मागते. मला माफ कर. नाही केलंस तरी ते तुझं बरोबर असेल.

आता कामाचं. गुंडाळी तुला टपालाने पाठवता येत नाही, ज्याची त्यानेच येऊन न्यायची. वीस मार्चला मी रजा घेतली आहे. त्या दिवशी ये. तुला माझं तोंड बघावं लागणार नाही. दहा ते पाच भांडार उघडं असतं. संमतीचा कागदही खिडकीवरच ठेवायला सांगितला आहे. सही करायची की नाही ते तू ठरव. मी आता त्याबद्दल काही बोलणार नाही. तुझ्या वतीने एकदा मी ठरवलं, तेवढं पुरे झालं.

— ताई


२२ मार्च

फूटपट्टीस,

काल एकवीस तारीख होती. माझ्या जागी आलेल्या बाईंनी भांडारात डोकावून एवढंच सांगितलं, "तिसरा क्रमांक कायम." नात्यातलं प्रकरण म्हणून त्यांना याहून जास्त सांगता येत नाही. तेवढं मला पुरलं.

बाकीचं भांडारवाल्याने कालच सांगितलं. त्याला कसलीच बंदी नाही, आणि असती तरी तो गप्प बसला नसता.

तो म्हणाला, "काल तुम्ही रजेवर, आणि पावणेपाचला एक गृहस्थ आले. म्हटलं आता बंद करायची वेळ, आणि हे उगवले. आधी फळ्यांवरून नजर फिरवली. मग म्हणाले, कपाटात एका मुलीची वस्तू आहे, ती जरा काढून देता का, सही करायची आहे. मी म्हटलं, तशी काढता येत नाही. त्यांनी हात पुढं केला. मग काय मॅडम, ज्या हातासाठी बनवलंय तोच हात समोर आला, आता नियम कोणाला विचारायचा? दिली काढून. दातांनी पट्टा आवळला त्यांनी. मी पेन दिलं, तर म्हणाले, पेन्सिल द्या आधी. वहीच्या कव्हरावर एक रेघ मारली. सरळ आली. मग पेन घेतलं."

वही मी पाहिली. कव्हरावर ती रेघ आहे. आत, गुंडाळीच्या नोंदीपुढे तुझी सही आहे, उजव्या हातची, मला ओळखू येणारी. शेऱ्याच्या रकान्यात लोक नेहमी 'मिळाली' लिहितात. तू लिहिलंस, 'वस्तू सुस्थितीत. उशीर फार झाला.'

हो, झाला.

गुंडाळी तू तिथे सोडली नाहीस, काखेत मारून नेलीस, असं तो म्हणाला. मुलीची वस्तू मात्र सोडून जायला तयार नव्हतास. शेवटी त्याने नियम वाचून दाखवला तेव्हा पट्टा सोडवलास. मला वाटलं, झालं, संपली गोष्ट. मी माझं रजिस्टर पुढे ओढलं.

"संपली कुठं," तो म्हणाला. "जाता जाता विचारलं, त्या नव्या मॅडम कुठं बसतात? मी म्हटलं, आज रजेवर आहेत. म्हणाले, ते माहीत आहे, बसतात कुठं? मी बोट दाखवलं. तर हे परत दरवाज्यापाशी गेले, आणि तिथून एकेक पाऊल टाकत, ओठ हलवत, तुमच्या टेबलापर्यंत आले. मला कळेना काय मोजतोय हा माणूस. टेबलाला हात लावला, म्हणाले 'चौदा', आणि गेले. कसला हो हिशेब असेल?"

मी म्हटलं, सवय आहे त्याची.

आज सकाळी कोणी यायच्या आधी मी दरवाज्यापासून चालून पाहिलं. माझी सतरा भरली. पूर्वी उलटं होतं. तुला शाळेत सोडायला न्यायचे तेव्हा माझ्या दहा पावलांना तुझी पंधरा व्हायची, आणि तू मोठ्याने मोजायचास, आकडा चुकला की मला थांबवायचास. मी चिडायचे. उशीर होतो म्हणायचे.

त्या दिवशी मी रजा घ्यायला नको होती. तुझ्यावर उपकार करते आहे असं वाटलं मला. पुन्हा न विचारताच ठरवलं.

चौकशी पुढच्या महिन्यात आहे. निकाल काय लागेल सांगता येत नाही. तोवर माझं टेबल इथेच आहे, भांडारात, दरवाज्यापासून चौदा पावलांवर. मी दहा ते सहा असते.

— ताई